वेदीपाशी ठेवलेली जट

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, दुसरं गीत संपून बायबलचा पाठ सुरू व्हायच्या आत, नांदेडातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीनं माझ्या आत्याचा अपमान केला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, नक्की वय कुणालाच माहीत नाही. अपमान करणाऱ्यांत साठ-सत्तर माणसं होती आणि एक मी होते. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते. पत्रकं लिहायला शिकवताना मला सांगितलं होतं की अन्याय कुणावर झाला, कधी झाला आणि कुणी केला हे वाचणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत कळलं पाहिजे. कळलं असेल.

मी लातूरला राहते. बायकांच्या डोक्यावरच्या जटा कापते. हेच माझं काम. ज्यांनी जट पाहिली नाही त्यांना सांगते. आजारपणात, बाळंतपणात, हालात केस विंचरायचे राहिले की गुंता होतो, गुंत्यात तेल-मळ बसतो आणि त्याचा दोरखंड होतो. एवढंच असतं ते. पण आमच्याकडं गुंता दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतं, देवी आली. मग कंगवा बंद. कात्रीचं तर नावच काढायचं नाही. कापली तर घरातलं माणूस जाणार. बाईची मान मोडून येते, टाळूवर फोड येतात, झोपताना कूस बदलता येत नाही, आणि लोक येऊन तिच्या पाया पडतात. घरात मात्र कुणी घेत नाही. "जट म्हणजे देवी नव्हे, जट म्हणजे घाण" हे वाक्य माझं आहे. लोह्यापासून निलंग्यापर्यंत भिंतींवर लागलंय. मला त्याचा अभिमान होता.

आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या डोक्यावर चोवीस वर्षं जट होती.

तिचं सासर भोकरकडचं. पहिलं मूल पोटातच गेलं, त्यानंतर दोन-अडीच महिने ती तापात पडून होती. उठली तेव्हा केसांचा गुंता झालेला. सासरच्यांनी देवी आली म्हणून हात जोडले आणि तिला माहेरी आणून सोडलं. आमचं गाव लोहा तालुक्यातलं, घरची शेती, चार माणसांत मान. माहेरच्यांनीच तिच्या हातात परडी दिली आणि जोगवा मागायला बसवलं. त्याच साली मी तीन वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. नांदेडच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून मी बरी झाले, आणि आजीनं जाहीर केलं, "हिनं जट राखली म्हणून पोरगी वाचली." झालं. तेव्हापासून ती जट आत्याची राहिली नाही. ती माझ्या जिवाची जट झाली.

पुढं गाव सोडून ती नांदेडला आली. एका खानावळीत मागच्या बाजूला भांडी घासायची, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. वडील लातूरला शिक्षक. त्यांनी बहिणीला एकदाही घरी आणलं नाही. शेजारचे काय म्हणतील, हे एकच कारण. ते असू दे, त्यांच्यावर वेगळं लिहीन.

मी तीन वेळा कात्री घेऊन तिच्याकडं गेले होते.

"आत्याबाई, बस अशी. अर्ध्या तासात मोकळी करते तुला."

"अन् तुला ताप आला मंजी?"

"मला काही होत नाही."

"तुला काय ठावं? डोळं पांढरं केलं हुतंस तू."

"दवाखान्यातल्या औषधानं बरी झाले मी!"

"हाव. अन् त्या दिशी दवाखाना कुणी उघडा ठिवला?"

मी चिडून निघायची, आणि ती मला एस.टी.त बसवून द्यायला यायची, वाटेत खायला धपाटे बांधून.

मग एका भाद्रपदात तिच्या जटेखाली जखम झाली आणि जखमेत अळ्या पडल्या. खानावळवाल्यानं कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त नर्स राहायच्या, ख्रिस्ती होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांनी आत्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि टर्पेंटाइनचे थेंब सोडून चिमट्यानं एकेक अळी काढली. तीन दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कापू का हे?" आत्या म्हणाली, "नको." सिस्टर म्हणाल्या, "बरं." आणि कामाला लागल्या.

हे "बरं" मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

आत्यानं मला नंतर फोनवर सांगितलं. "इतक्या वरसांत माझ्या डोसक्याला कुणी हात लावला न्हवता ग. पाया पडाया यायचे, पर हात न्हाई. ह्या बाईनं मांडीवर घेतलं. मी इचारलं, बाई, तुमाला घाण न्हाई का वाटत? तर म्हणल्या, माझ्यासाठी कुणीतरी आधी असंच केलंय."

तो कुणीतरी कोण, हे शोधायला आत्या दर रविवारी सिस्टरच्या मागं प्रार्थनाघरात जायला लागली. आत नाही, पायरीवर बसायची. देवीची जट घेऊन आत कसं जायचं, असं तिचं तिनंच ठरवलेलं. दाराबाहेर बसून तिनं दोन वर्षं ऐकलं. मी थट्टा करायची, "काय आत्याबाई, एक देव सोडून दुसरा धरला?" ती म्हणायची, "ह्यो उलटा हाय. बाकीचे मागून राहिलेत. ह्यो आधीच देऊन बसलाय. आता आपुन काय द्यावं, त्येच मला उमगून न्हाई राहिलं."

ती खरंच हैराण होती. एखाद्यानं आपल्यावर न फिटणारी माया केली की माणूस जसा घरभर फिरून काहीतरी शोधतो, तशी.

सिस्टर मुलीकडं सोलापूरला राहायला गेल्या. मागं आत्याची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, माणूस वाईट नाही, पण मंडळीच्या कमिटीपुढं त्यांचा आवाज निघत नाही. त्यांनी तिला सांगितलं होतं, मावशी, जट काढा, पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, तुमचा बाप्तिस्मा करू, मग तुम्ही आत बसा, सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्या. आत्याला ती भाकर पाहिजे होती. भुकेल्या माणसाला पाहिजे असते तशी. पण तिनं हात जोडले, "साहेब, ती माझी न्हाई. भाचीच्या जिवाची हाय."

आणि मग त्यांनी एका रविवारी तो पाठ वाचला. भोजनाला बसलेल्या येशूकडं एक बाई येते, मोलाचं सुगंधी तेल त्याच्या पायांना लावते, केसांनी ते पाय पुसते आणि सगळं घर वासानं भरून जातं. ते तेल कशाचं? जटामांसीचं. मराठी बायबलात तोच शब्द आहे. पायरीवर बसलेल्या आत्याला पंख्याच्या घरघरीत काय ऐकू आलं? जटा. मोलाची. पायाला लावली. केस.

तिला वाटलं, त्या बाईच्या डोक्यावरपण जट होती. तिनं ती त्याला दिली. आणि त्यानं घेतली.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी सहाला तिचा फोन आला. "बरी हायस का?" मी म्हटलं, "बरी आहे, काय झालं?" "काई न्हाई." मंगळवारी परत. "ताप न्हाई ना? डोसकं दुखतंय का?" बुधवारी दोनदा. मी मीटिंगमध्ये होते, खेकसले, "आत्याबाई, जिवंत आहे मी, ठेव!" ती म्हणाली, "हाव हाव, जिती हायस, बास." आणि फोनमध्ये ती हसत होती की रडत होती हे मला कळलं नाही. शनिवारी म्हणाली, "उद्या ये ग माय. मला एक वस्तू द्यायची हाय त्येला. तू संगं पायजेस."

रविवारी पहाटेच्या गाडीनं अहमदपूर, लोहा करत मी नांदेडला पोचले. थेट प्रार्थनाघर गाठलं. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पुढं पांढऱ्या कापडाचं मेज, तीच वेदी, मागं लाकडी क्रूस. लेकरांच्या हातात शिंदीच्या झावळ्या. पायरीवर आत्या नव्हती. मी मागच्या खुर्चीत बसले.

दुसरं गीत संपलं आणि ती दारातून आत आली. पहिल्यांदा. अनवाणी. डोक्यावर पदर, छातीशी नवा पांढरा टॉवेल धरलेला. मधल्या वाटेनं सरळ चालत गेली. मेजावर काही ठेवलं नाही, खाली, क्रूसासमोर जमिनीवर ठेवलं आणि टॉवेल उघडला.

तिची जट. शिकेकाईनं धुतलेली, सुवासिक तेल लावून वेटोळं करून ठेवलेली. दीड हात लांब. मग तिनं पदर मागं टाकला. डोक्यावर कुठं बोटभर केस, कुठं कातडी, कानावर कैची लागल्याची खपली. शेजारच्या शिंप्याची कैची मागून तिनं त्या पाठाच्याच दिवशी दुपारभर बसून एकटीनं कापली होती. आणि नंतर सहा दिवस मी मरते का ते बघत होती. तिनं कपाळ जमिनीला टेकवलं.

मग बायकांतून आवाज आला, "अगं बया, साप हाय का काय?"

हशा.

"न्हाव्याच्या दुकानात न्यायचं सोडून हितं आणलंय!"

कमिटीचे सेक्रेटरी उठले. निवृत्त कारकून, पांढरा सफारी. "उचला ते. देवीची वस्तू आहे. पवित्र जागा बाटवली बाईनं."

पाळकसाहेब खाली वाकले. "मावशी, हे काय आणलंत?"

"जटा, साहेब." ती गुडघ्यावरच होती. "तुमीच वाचलंत न्हवं मागल्या ऐतवारी? त्या बाईनं जटा आणली, त्येच्या पायाला लावली, समदं घर वासानं भरलं. मला बी हुती. म्या बी आणली."

काय झालंय ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. खुर्च्या हलल्या, तोंडावर पदर गेले. आणि मग मी उठले. तिला वाचवायला उठले असं मला वाटत होतं. मी पुढं जाऊन, सभेत बोलते त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आत्याबाई, जटामांसी. जटा नाही. ते एका झाडाचं मूळ असतं. त्याचं तेल काढतात. त्या बाईनं तेल ओतलं होतं, जट दिली नव्हती."

आता सगळे मोकळेपणानं हसले. तिच्याच माणसानं सांगितलं म्हटल्यावर कशाला आवरायचं?

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. "मूळ?" तिनं विचारलं.

"हो. मूळ."

कुणीतरी सुपली आणि खराटा आणला. जट टॉवेलसकट सुपलीत ढकलली आणि बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. आत्या गुडघ्यावर तशीच. तिसरं गीत सुरू झालं, लेकरांनी झावळ्या हलवल्या. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. दुपारी मी आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "आत्याची जट निघाली." खाली अभिनंदनाची रांग लागली. हेही माझ्याच हातून झालं. कशाला लपवू?

दोन दिवसांनी कमिटीनं ठरवलं की तिनं माफीनामा द्यावा. अज्ञानानं दुष्ट वस्तू देवाच्या घरात आणली, पश्चात्ताप होतो, असं. तो दिल्यावर बाप्तिस्म्याचा विचार करू. आत्याला लिहिता येत नाही, मला येतं. आणि मी लिहिला. सरळ सांगते, लिहिला. म्हटलं एका कागदानं तिला तिची भाकर मिळत असेल तर माझ्या अक्षराची काय मिजास? तिच्या खोलीत बसून वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढं केला.

तिनं अंगठा मागं घेतला.

"दुष्ट वस्तू म्हणू नगंस."

"आत्याबाई, नुसता शब्द आहे. लाव अंगठा."

"शब्द न्हाई त्यो. माझ्यापाशी दुसरं काय हुतं? घर न्हाई, लेकरू न्हाई. चोवीस वरीस मान मोडून राखलेली ती येकच वस्तू. त्यानं माझ्यावर येवढी माया केली, त्याला मी वाईट वस्तू देईन का?"

मग माझाच संताप बाहेर आला. "आणि मी? कापली तर मी मरणार असं मानत होतीस ना तू? मग मला पणाला लावलंस?"

"पणाला न्हाई लावलं." तिनं माझा हात धरला. "त्याच्या हाती दिलं. माझ्या हातापरीस त्याचा हात बरा, असं ज्या दिशी वाटलं त्या दिशी कैची चालली. त्येच्या आधी किती येळा धरली हुती, तुला काय ठावं."

माझ्या पत्रकांनी जे झालं नाही ते कशानं झालं, हे मला तेव्हा कळलं. मी तिला सांगत होते, भिऊ नकोस, तिथं काही नाही. ती भीत होतीच. भीत भीत तिनं दिली. आणि आम्ही दोघांनी, मी आणि त्या कमिटीनं, तिच्या वस्तूला एकच नाव दिलं होतं. घाण. ते वाक्य तर माझंच आहे, भिंतीवर लागलेलं.

मग तिनं खाली बघत विचारलं, "त्याला न्हाई आवडलं का ग?"

मी ह्या कामात कुणाला उत्तर देताना अडले नाही. पुजाऱ्यांना दिलंय, पुढाऱ्यांना दिलंय. तिथं मी माफीनामा फाडला आणि लातूरला परत आले.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. म्हटलं, जटामांसी दाखवा. दुकानदारानं कागदावर मूठभर काढून ठेवली. तपकिरी, केसाळ, पिळा पडलेली मुळं. बोटाएवढ्या जटाच. मी विचारलं, असं नाव का? तो म्हणाला, "ताई, बघा की. जटेसारखी दिसते म्हणून जटामांसी." मातीचा आणि कसलासा जड वास हाताला दिवसभर राहिला.

रविवारी जाऊन आत्याला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "मंग मी लई चुकले न्हवते?"

"नव्हतीस."

"मंग हसले का?"

तो पाठ मी तीनदा वाचलाय. मी विश्वासणारी नाही. पण वाचता येतं मला. त्या घरातही एक कमिटी बसलेली होती. त्यांनीही नासाडी म्हटलं, तोंडं वाकडी केली. आणि ज्याच्या पायांना तेल लागलं होतं तो त्यांना म्हणाला, तिच्या वाटेला जाऊ नका. त्यानं तेल कसलं आहे हे तपासलं नाही. हाताशी होतं ते तिनं केलं, एवढंच त्यानं बघितलं. ज्यांनी हे आयुष्यभर ऐकलंय त्यांनी सुपली आणली.

पुनरुत्थानाचा रविवार गेला. पाच जणांचा बाप्तिस्मा झाला, आत्याचा नाही. पुढच्या वर्षी बघू, असं सेक्रेटरी म्हणाले. ती अजून पायरीवर जाऊन बसते. आता डोकं हलकं आहे, मान सरळ होते, आत जायला तिच्याकडून काही अडचण उरलेली नाही. तरी ती उंबरा ओलांडत नाही. भाकरीचं ताट बायकांच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत येतं आणि तिथून परत फिरतं. ती ताटाकडं बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, चल, मी नेते आत, बघू कोण अडवतो. तर म्हणाली, "त्यानंच घेतलं नसंल तर मी कोणत्या तोंडानं मागू?"

सकाळचे तिचे फोन बंद झालेत. एक वेळ जेवते. खानावळीत परत घेतलंय, भांडी घासते, कुणाशी बोलत नाही. गेल्या आठवड्यात मी विचारलं, आत्याबाई, प्रार्थना करतेस ना? म्हणाली, "करते. पर पयल्यासारखं कुणी ऐकून राहिलंय असं वाटत न्हाई." जट होती तेव्हा ती वाकलेली होती, पण अशी नव्हती. ही बाई आमच्या डोळ्यांदेखत विझत चाललीय. ती आम्ही विझवली. सत्तर माणसांनी आणि मी. माझं "चुकले, आत्याबाई" तिला पुरत नाही. मी काही त्याची कुणी नाही. जे त्याचं नाव लावतात त्यांच्याच हातून तिला कळायला पाहिजे की त्यानं ते घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगते. विनंती नाही करत, सांगते. तुम्ही कुठल्याही मंडळीत जात असाल, नांदेडला, लातूरला, धर्माबादला, कुठंही, तर येत्या रविवारी आत जायच्या आधी पायरीवर कोण बसलंय ते बघा. कुणीतरी असणार. तिला विचारा, काय आणलंस. ती दाखवेल ते दोन्ही हातांनी घ्या, आत घेऊन जा, वेदीपाशी ठेवा, आणि कुणी हसलं तर उभं राहून त्याला गप्प करा. मग भाकरीचं ताट तुमच्यापर्यंत येईल. ते हातात घेऊन उठा, दारापर्यंत चालत जा, आणि आधी तिला द्या. तिनं खाल्ल्याशिवाय तुम्ही खाऊ नका.